हार्ड रॉकचा सगळ्यात मोठा अल्बम, जो बँडला फारसा नकोच होता

हार्ड रॉकच्या मोठ्या अल्बमांचा विषय निघाला की लेड झेपलिन थोर की ब्लॅक सॅबथ, हा वाद ठरलेला. डीप पर्पल या बँडचे चाहते मग त्यांचा ‘मशीन हेड’ पुढे करतात. माझ्या मते ‘मशीन हेड’ ही नुसती तयारी होती. खरा अल्बम याच बँडचा, त्याच वर्षी, डिसेंबर १९७२ मध्ये आला: ‘मेड इन जपान’.

तयारी का म्हणतो ते सांगतो. स्टेजवरचा आवाज स्टुडिओत येत नाही, ही या मंडळींची जुनी तक्रार. म्हणून ‘मशीन हेड’साठी डिसेंबर १९७१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या कसिनोत रेकॉर्डिंग करायचं ठरलं. तिथे फ्रँक झापाच्या कार्यक्रमात कुणीतरी फ्लेअर गन उडवली आणि अख्खा कसिनो जळाला. (त्यावरचं ‘स्मोक ऑन द वॉटर’ हे गाणं आज प्रत्येक गिटार क्लासमध्ये पहिल्या आठवड्यात वाजतं, बहुतेक वेळा चुकीचं. बँडचा गिटारवादक ब्लॅकमोर त्यातली रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी धून, पिकने नाही, बोटांनी दोन-दोन तारा एकदम छेडून वाजवतो.) शेवटी हिवाळ्यासाठी बंद असलेल्या ग्रँड हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये वाद्यं मांडली. रेकॉर्डिंगचा ट्रक बाहेर उभा. वाजवलेलं ऐकायला तिथपर्यंत जायचं म्हणजे एवढी पायपीट, की त्यांनी मधेमधे ऐकणंच सोडून दिलं. वाजवायचं आणि पुढे जायचं.

ऑगस्ट १९७२ मध्ये जपानचा दौरा. लाइव्ह अल्बमची मागणी तिथल्या रेकॉर्ड कंपनीची, तीही फक्त जपानपुरती. बँडने अट घातली की इंजिनिअर आमचा, मार्टिन बर्च. १५ आणि १६ तारखेला ओसाका, १७ ला टोकियोचं बुडोकान. तीन रात्रींतून सात गाणी निवडली, त्यातली पाच ओसाकाची. मिक्सिंगला बेसवादक ग्लोव्हर आणि ड्रमर पेस बसले. गायक गिलन आणि ब्लॅकमोर तिकडे फिरकलेच नाहीत.

आणि काय वाजलंय! ‘स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन’मध्ये ब्लॅकमोर गिटारवर एक जागा घेतो, गिलन ती गळ्यातून परत देतो. मग आणखी वर, आणखी अवघड. ज्याने चांगली जुगलबंदी ऐकली आहे त्याला हा सवाल-जवाब समजावून सांगावा लागत नाही. जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन मार्शलच्या गिटार अँपमधून असा गुरगुरतो की गिटार कुठली आणि ऑर्गन कुठला, क्षणभर कळत नाही. ‘चाइल्ड इन टाइम’ बारा मिनिटांचं, त्यातल्या गिलनच्या किंकाळ्यांबद्दल नवीन काय सांगणार? पण या गाण्याची ऑर्गनची धून ‘इट्स अ ब्यूटिफुल डे’ या अमेरिकन बँडच्या ‘बॉम्बे कॉलिंग’वरून उचललेली आहे, हे आपल्या मुंबईकरांनी अवश्य मिरवावं.

दोष आहेत. ‘स्पेस ट्रकिन’’ने रेकॉर्डची चौथी बाजू पूर्ण व्यापली आहे आणि शेवटी शेवटी ते रेंगाळतं. ‘द म्यूल’मधला ड्रम सोलो दर वेळी ऐकवत नाही. पण यात स्टुडिओत बसून नंतर काही चिकटवलेलं नाही. ‘किस’चा १९७५ चा ‘अलाइव्ह!’ आठवा, नंतर किती डागडुजी झाली होती त्याची. ‘मेड इन जपान’च्या तोडीचा माझ्या लेखी एकच, ‘द हू’चा ‘लाइव्ह अ‍ॅट लीड्स’, आणि तोही थोडा मागे.

माणसं मात्र एकमेकांना विटली होती. गिलन आणि ब्लॅकमोरचं पटेना. २९ जून १९७३ ला गिलन आणि ग्लोव्हर यांचा शेवटचा कार्यक्रम झाला, तोही ओसाकातच. पुढे ही पाच जणं १९८४ मध्ये पुन्हा एकत्र आली, चांगलं वाजवलंही, पण ती भूक पुन्हा ऐकू आली नाही.

पुढे तिन्ही रात्रींचं रेकॉर्डिंग वेगळं निघालं, तेही शोधा. एकच सोलो तीन रात्री तीन तऱ्हांनी जातो. आणि कृपा करून मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. ‘हे कसले आवाज?’ असं घरातून कुणी विचारेल इतका मोठा लावा.