चार एके तीन

पियानोवर दोन-तीन वर्षं नीट शिकून झाली, दोन-चार सोपे तुकडे बसले, की माणसाला शोपँ या संगीतकाराचं 'फँटसी इम्प्रॉम्प्टू' वाजवायची हुक्की येते. शोपँने ते १८३४ च्या सुमारास लिहिलं आणि जिवंतपणी छापलं नाही. 'माझे न छापलेले कागद जाळून टाका' असं सांगून तो १८४९ मध्ये गेला. ज्युलियन फोंटाना नावाच्या मित्राने ते ऐकलं नाही आणि १८५५ मध्ये तुकडा छापून मोकळा झाला. माझं मनगट या फोंटानाला रोज शिव्या घालतं.

सुरुवात फसवी आहे. काळी चारवर (म्हणजे काळ्या पट्ट्यांतल्या चौथीवर) दणदणीत सप्तक, म्हणजे तोच स्वर खाली-वर एकदम, हाणायचं आणि दोन बार (ठोक्यांचे खाने) धरून ठेवायचं. पुढचे दोन बार एकटा डावा हात खाली-वर करतो. चार बार पार पडतात, आपल्याला पियानो येतो अशी खात्री पटते, आणि पाचव्या बारला उजवा हात येतो.

डाव्या हाताला एका ठोक्यात तीन स्वर, उजव्याला चार. तबला शिकलेल्या माणसाला हे सांगावं, तर तो 'तिस्र आणि चतुस्र, एकदम' एवढंच म्हणून चहाला निघून जातो. आपले हात मात्र एका घरात राहून एकमेकींशी न बोलणाऱ्या जावांसारखे वागतात. त्यातही डाव्याचं वजन जास्त. उजवा दोन ठोक्यांत त्याच्या कह्यात जातो आणि चाराचे मुकाट तीन करतो.

इथे शाळेतला लसावि कामाला येतो. तीन आणि चारचा लसावि बारा. ठोक्याचे बारा भाग पाडले, तर उजवा १, ४, ७, १० वर पडतो आणि डावा १, ५, ९ वर. म्हणजे क्रम असा: दोघं मिळून, उजवा, डावा, उजवा, डावा, उजवा. पियानोला हात न लावता हे आधी टेबलावर, मग मांडीवर वाजवायचं. लोकलमध्ये शेजारचा माणूस सरकून बसला तर त्याची जागा घ्यावी.

पण खरी मेख पुढे आहे. पाचव्या बारच्या पहिल्या ठोक्यावर उजव्या हाताला स्वरच नाही, विश्रांती आहे! डावा एकटा पडतो आणि उजवा त्याच्यामागून, आपल्या चार जागांपैकी दुसरीवर, काळी चार घेऊन शिरतो. 'दोघं मिळून' हे घोकून आलेला माणूस उजवा हातही ठोक्यावरच आदळतो आणि पुढचा सगळा बार एका स्वराने सरकतो. कानाला हे लगेच कळत नाही. नुसतं वाटतं, काहीतरी खाल्लंय. उपाय सोपा आहे. दोन्ही हात पहिल्यांदा एकत्र पडतात ते दुसऱ्या ठोक्यावर, उजव्याच्या चौथ्या स्वराला. तो पांढरी पाच. (कागदावर त्याला एफ डबल शार्प, म्हणजे दोनदा चढवलेला एफ, म्हटलंय. व्याकरण बरोबर आहे, माणुसकी नाही.) त्या स्वरावर पेन्सिलने गोल करायचा आणि त्या एका भेटीवर लक्ष ठेवायचं. मधलं आपोआप जागेवर बसतं.

आता वेग. बऱ्याच आवृत्त्यांत अर्ध्या स्वराला (म्हणजे आपल्या दोन ठोक्यांना) ८४ असं, मिनिटाच्या हिशेबाने, छापलेलं असतं. म्हणजे उजव्या हाताचे सेकंदाला अकरा स्वर. आपण मेट्रोनोम (ठोके मोजणारं यंत्र) ६० वर लावतो, तोही अर्ध्याला नव्हे, पाव स्वराला, म्हणजे एका ठोक्याला. मग चार-चारने वाढवत १०८ पर्यंत येतो आणि तिथे गाडी रुतते, कारण हळू वाजवताना प्रत्येक बोट सावकाश उचलून टाकायची सवय झालेली असते. त्या हालचालीला वेग कितीही वाढवा, हात आखडतोच. त्यापेक्षा एका ठोक्याचे चार स्वर आणि पुढच्या ठोक्याचा पहिला, एवढे पाचच, पूर्ण वेगाने वाजवायचे आणि पाचव्यावर हात मोकळा सोडून थांबायचं. ते जमलं की नऊ, मग सतरा. कोपरापासून मनगटापर्यंत दुखायला लागलं तर उठून पाणी प्यावं. 'दुखलं की ताकद येते' हे तालमीत खरं असेल, इथे नाही.

एक दिलासा आहे. तुकडा काळी एकवर आहे, त्यामुळे लांब बोटं काळ्या पट्ट्यांवर नैसर्गिकपणे टेकतात. शोपँ शिष्यांना बी मेजर (पाचही काळ्या पट्ट्या असलेली स्वरांची ओळ) आधी शिकवायचा, ते याचसाठी. अंगठा मात्र आयत्या वेळी बोटांखालून सरकवू नये. तो आधीच पुढच्या पट्टीजवळ जाऊन उभा हवा.

स्वर लांबवणाऱ्या पेडलविषयी थोडक्यात. तो दाबला की सगळं छान वाटतं, म्हणून रोजचा अर्धा सराव पेडलशिवाय करावा. ऐकवत नाही. ऐकावंच लागतं.

फ्लॅटमध्ये डिजिटल पियानोला हेडफोन लावले की प्रश्न सुटला असं वाटतं. सुटत नाही. आपल्याला शोपँ ऐकू येतो, खालच्या काकांना सेकंदाला अकरा ठकठक. आवाज स्टँडच्या पायांतून फरशीत उतरतो. पायांखाली जाड रबरी मॅट टाकली की निम्मं भांडण मिटतं. निम्मं राहतं, कारण काकांना आता मधला भाग कधी येणार याची उत्सुकता लागलेली असते.

तो मधला भाग संथ, गोड आणि घातक. हात सैलावतात, डोळे मिटतात, आणि मग पुन्हा पहिला वेग अंगावर येतो. त्याच्याही पुढे शेवटच्या पानावर मधलीच चाल डाव्या हाताच्या खालच्या स्वरांत येते. ती गात राहायची आणि उजव्याने वरचं सळसळणं अगदी हळू आवाजात चालू ठेवायचं. एव्हाना हातात त्राण नसतं आणि या पानाचा सराव कुणी केलेला नसतो, कारण रोज सुरुवात पहिल्या पानापासून होते. म्हणून शेवटचं पान सगळ्यात आधी बसवावं. तेवढ्यासाठी काळी चारचं ते सप्तक आठवडाभर थांबलं तरी चालेल. काकांचीही हरकत नसते.