ई-४ म्हणजे काय, ते मशीननंच सांगायला नको?

शुगर मोजायच्या मशीनवर 'ई-४' आलं की आमच्या घरात सगळ्यांचे हातपाय गळतात. बोट टोचून झालेलं असतं, रक्त लावून झालेलं असतं, वीस-पंचवीस रुपयांची स्ट्रिप फुकट गेलेली असते आणि त्या एवढ्याशा काचेवर काय, तर एक इंग्रजी अक्षर आणि एक आकडा. रक्त कमी पडलं? स्ट्रिपला दमट हवा लागली? सेल संपत आला? मशीनच बिघडलं? काहीही असू शकतं. कोणत्या कंपनीचा कोणता आकडा कशासाठी, याला काही धरबंदच नाही. मग माझ्या पंचाहत्तरीच्या आईनं चष्मा शोधायचा, बारीक अक्षरांतली इंग्रजी पुस्तिका शोधायची आणि त्यात तो तक्ता शोधायचा. तोवर तिला घाम फुटलेला असतो. तो घाम शुगर उतरल्यामुळे आहे की घाबरल्यामुळे, हेच तर त्या मशीननं सांगायचं होतं ना?

हीच आई नातवाला व्हिडिओ कॉल लावते. व्हॉट्सॲपवर बोलून निरोप पाठवते, गॅस बुक करते, बहिणीला फोटो धाडते. तिला कुणी क्लास लावला नव्हता. फोनमध्ये काही अडलं तर फोन सांगतो, इंटरनेट बंद आहे, थोड्या वेळानं पुन्हा करून बघा. आणि मराठीत सांगतो. आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडचा तो छोटा डबा भर गर्दीत खणखणीत आवाजात बोलतो, 'वीस रुपये प्राप्त झाले.' कोथिंबिरीच्या जुडीचे पैसे मराठीत ऐकू येतात आणि माझ्या आईची शुगर साठवर आली हे तिला कुणी बोलून सांगत नाही! बोलणारी मशीनं जगात आहेत, नाही असं नाही. पण आमच्याकडच्या मेडिकलमध्ये मराठी बोलणारं मागून बघा, दुकानदार तुमच्याच तोंडाकडे बघत राहील.

हे दुखणं जुनं आहे. १९६९ च्या सुमाराची गोष्ट. अमेरिकेत रिचर्ड बर्नस्टाइन नावाचे एक इंजिनिअर होते, त्यांना लहानपणापासून मधुमेह. रक्तातली साखर मोजायचं मशीन निघालंय असं त्यांनी वाचलं, पण कंपनी ते फक्त डॉक्टरांना आणि हॉस्पिटलांना विकत होती. ज्याला आजार आहे त्याला नाही! बायको डॉक्टर होती म्हणून तिच्या नावावर त्यांनी ते मागवलं आणि घरच्या घरी दिवसातून अनेकदा साखर मोजायला लागले. त्यांचं कुणी ऐकेना, तेव्हा चाळिशी उलटल्यावर ते मेडिकलला गेले आणि स्वतः डॉक्टर झाले. आज मशीन कुणालाही मिळतं, पण ते आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आजही आजारी माणूस नाही. असता तर त्या स्ट्रिपची डबी थरथरत्या हातांनी उघडेल अशी असती. आतून एकच स्ट्रिप बाहेर आली असती, सगळ्या जमिनीवर सांडल्या नसत्या.

२०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत घराघरात ऑक्सिमीटर आले, बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारे. त्यातल्या स्वस्तातल्या कितीतरी मशीनवरचे आकडे इंग्रजी, कॅल्क्युलेटरवर असतात तसे, काड्याकाड्यांचे. असं मशीन उलट्या बाजूनं वाचलं की सहाचा नऊ होतो, नवाचा सहा होतो आणि आठ आठच राहतो. म्हणजे ८६ उलटीकडून वाचलं की ९८ दिसतं. जरा विचार करा, ८६ म्हणजे ताबडतोब हॉस्पिटल, ९८ म्हणजे निवांत झोपा. आणि शेजारी नाडीचा आकडा, तोही तेवढ्याच मोठ्या अक्षरांत. माझी मावशी तेव्हा घरात एकटी होती. रात्री फोनवर आकडे वाचून दाखवायची आणि मी इकडून विचारत बसायची, 'अगं, वरचा का खालचा? बोट कुठल्या बाजूला आहे?' फोन आडवा केला की पडदा आपोआप आडवा होतो, ही सोय तोवर फोनांमध्ये कधीच जुनी झाली होती. माणसाचा श्वास मोजणाऱ्या वस्तूत ती घालावी असं कुणालाच वाटलं नाही?

यावर ठरलेलं उत्तर येतं. 'वैद्यकीय उपकरणांचं तसं नसतं, मंजुऱ्या लागतात, सुरक्षितता आधी.' अहो, पण वाचता न येणारी सूचना हीच असुरक्षितता आहे! थेरॅक-२५ नावाचं कॅन्सरवर किरणं देणारं मशीन होतं. १९८५ ते १९८७ या काळात त्यानं सहा रुग्णांना भयंकर जास्त किरणं दिली, काही जण त्यात गेले. मूळ दोष सॉफ्टवेअरमध्ये होता. पण १९८६ मध्ये टेक्सासमधल्या टायलर गावी पडद्यावर काय उमटलं? 'मालफंक्शन ५४'. वापरायच्या पुस्तिकेत त्याचा अर्थच दिलेला नव्हता. असल्या सूचना सारख्याच यायच्या, त्यामुळे चालवणाऱ्या बाईंनी 'पुढे चला'चं बटण दाबलं. ही घटना जगभर शिकवतात. उपकरण वापरताना माणसाची चूक होऊ नये म्हणून आयईसी ६२३६६ हे आंतरराष्ट्रीय मानक २००७ पासून आहे. आणि माझ्या हातात आजही ई-४.

पण माझं डोकं खरं फिरतं ते इन्सुलिनवरून. आपल्याकडे इन्सुलिन मुख्यतः दोन ताकदींचं मिळतं. एकात एका मिलिलिटरला ४० युनिट, दुसऱ्यात १००. बाटल्या बऱ्याचशा ४० च्या, इन्सुलिन टोचायच्या पेनात घालायच्या कार्ट्रिज १०० च्या, आणि काही बाटल्याही १०० च्या. सिरिंजही दोन. ४० ची लाल टोपणाची आणि १०० ची केशरी टोपणाची. लाल आणि केशरी! जगातले सगळे रंग मोकळे पडले असताना मोतीबिंदू झालेल्या माणसापुढे लाल आणि केशरी ठेवलेत. १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये १० च्या रेघेपर्यंत ओढलं, तर अंगात जातात २५ युनिट. अडीचपट. रात्री झोपलेलं माणूस सकाळी उठेल याची खात्री नाही. उलटं झालं तर १० च्या जागी चारच, मग आठवडाभर शुगर का उतरत नाही म्हणून डॉक्टर डोस वाढवत बसणार. पेन बिघडलं, नवीन मिळेपर्यंत कार्ट्रिजमधून घरातल्या सिरिंजनं ओढलं, हे कुणाच्याही घरात होऊ शकतं.

सिम कार्ड बघा. त्याचा एक कोपरा कापलेला असतो. का? उलटं बसूच नये म्हणून. एवढ्याशा सिमसाठी कुणीतरी एवढा विचार केला. आणि जिथे जिवाशी गाठ आहे तिथे ४० ची सुई १०० च्या बाटलीत बिनधास्त घुसते, काही अडत नाही, काही वाजत नाही. अमेरिकेनं १९७० च्या दशकात १०० ची एकच ताकद रुजवायला घेतली. आपण अजून मेडिकलवाल्याच्या स्मरणशक्तीवर भिस्त ठेवून आहोत.

आणि स्ट्रिपचं गौडबंगाल तर वेगळंच. मशीन स्वस्तात देतात, पण स्ट्रिप त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची. मॉडेल बंद केलं की चांगलं चालणारं मशीन भंगारात. फोनच्या चार्जरचंही असंच होतं. युरोपनं कायदा केला आणि २८ डिसेंबर २०२४ पासून सगळ्या नव्या फोनांना यूएसबी-सी सक्तीचं झालं. आयफोननं तर २०२३ मध्येच मुकाट्यानं बदल केला. चार्जरसाठी सरकारं कंपन्यांना वठणीवर आणतात. स्ट्रिप एकसारखी करा असं त्यांना कोण सांगणार?

फोनवाल्यांकडून नको ते मात्र या मशीनवाल्यांनी झटकन उचललं. बीपीचं नवीन मशीन आणलं, तर आधीची मोजमापं बघायला ॲप घ्या, खातं उघडा, ईमेल द्या, ओटीपी टाका. स्वतःचं बीपी बघायला ओटीपी! पट्टा दंडाला नीट बसलाय की नाही हे सांगायची अक्कल त्याला नाही, पण जन्मतारीख हवी.

मी कस्टमर केअरला फोन केला. सगळं ऐकून घेतल्यावर ती मुलगी म्हणाली, 'मॅडम, आजींच्या शेजारी बसून कुणीतरी करून देत जा.' तिच्यावर माझा राग नाही, तिच्यापुढे तेच लिहून ठेवलेलं असणार. पण खोक्यावर ठळक अक्षरांत छापलंय, 'घरी वापरण्यासाठी'. कुणाचं घर डोळ्यांसमोर ठेवून छापलंत? आम्ही दोघं नोकरीवर, मुलगा शाळेत, आणि आईची शुगर उतरते ती नेमकी दुपारी, जेवण लांबलं की. त्या वेळी तिच्या शेजारी कोण बसलेलं असतं?