लाल दिवा म्हणजे स्पाइक गार्ड नव्हे

गुरुवारी लाइट जाणार हे पुण्यात पोरंसोरं पण सांगतात, मेंटेनन्सचा वार, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. लाइट परत येताना जे झालं ना, त्यानं डोकं फिरलंय. साडेचारला आली. हॉलमधली ट्यूब एकदम पांढरीफटक, पंखा आयुष्यात फिरला नसेल इतक्या जोरात फिरायला लागला, मी सासूबाईंना ओरडून सांगतेय की आई पंखा बंद करा, तेवढ्यात टीव्हीच्या मागे फट्ट झालं आणि स्वयंपाकघरातून तो जळक्या प्लास्टिकचा मासळीसारखा वास. धावत जाऊन मेन पाडला पण जायचं ते गेलं होतं. टीव्ही, फ्रीजचा बोर्ड, राउटर, मुलाच्या लॅपटॉपचा चार्जर. फ्रीजरमध्ये सासूबाईंनी स्वतः पिळून ठेवलेले हापूसच्या रसाचे अकरा डबे होते, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते सिंकमध्ये ओतताना त्या एक शब्द बोलल्या नाहीत, आणि मला तेच जास्त लागलं.

आणि मग सुरू झाले सल्ले. जो येईल तो विचारतो, एमसीबी, म्हणजे बोर्डातला आपोआप पडणारा स्विच, नव्हता का? होता की! पण एमसीबी करंट जास्त गेला तर पडतो, व्होल्टेज वाढलं तर तो ढिम्म हलत नाही, ते त्याचं कामच नाही. आरसीसीबी पण आहे, तो करंट बाहेर लीक झाला तर पडतो, माणसाला शॉक बसू नये म्हणून. व्होल्टेजशी त्या दोघांचं काही देणंघेणं नाही. एवढी साधी गोष्ट आम्हाला फ्लॅट घेताना कुणी सांगितली नाही, तो सगळा बोर्ड दाखवून 'मॅडम फुल सेफ्टी आहे' एवढंच सांगितलं.

झालं काय होतं ते वायरमननं मीटर रूम उघडल्यावर कळलं. मेन न्यूट्रलची, म्हणजे करंट माघारी जायच्या वायरची, लिंक. अ‍ॅल्युमिनियमची जाडी केबल, तिच्या टोकाला लग, म्हणजे जोडायची धातूची टोपी, पण नाही, तशीच पितळी लिंकमध्ये कोंबलेली, स्क्रू काळा पडलेला, बाजूचं प्लास्टिक वितळून ओघळलेलं. हे एका दिवसात होत नाही हो! वर्षानुवर्षं ढिल्या जॉइंटवर गरम होत होतं ते, आणि त्या दिवशी लाइट आल्यावर सगळ्या बिल्डिंगचे एसी-फ्रीज एकदम चालू झाले तसा जॉइंट सुटला. आणि आमच्या सोसायटीचा इलेक्ट्रिकल मेंटेनन्सचा कॉन्ट्रॅक्ट आहे, दरवर्षी पैसे जातात, रजिस्टरमध्ये दर तीन महिन्यांनी 'चेक्ड ओके' लिहिलंय, सहीसकट. काय चेक केलं? मीटर रूमचं कुलूप?

बिल्डिंगला तीन फेज, म्हणजे लाइट आणणाऱ्या तीन वायरी, येतात आणि एक न्यूट्रल, प्रत्येक घराला एकेक फेज वाटून दिलेला. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट, पण दोन फेजमध्ये मोजलं तर ४०० असतात. मेन न्यूट्रल सुटला की तुमच्या घरातल्या करंटला माघारी जायला वाट राहत नाही, मग तो दुसऱ्या फेजवरच्या घरातून वाट काढतो, म्हणजे दोन घरं एकापुढे एक जोडल्यासारखी होतात आणि ते ४०० त्यांच्यात विभागले जातात, तेही सारखे नाही. ज्याच्याकडे एसी, गीझर, इस्त्री चालू त्याच्याकडे व्होल्टेज पडतं, आणि ज्याच्याकडे एक ट्यूब एक पंखा, त्याच्या डोक्यावर सगळं येऊन आदळतं. वायरमननं मोजलं तेव्हा आमच्या फेजवर ३४० होते आणि समोरच्यांच्या शंभराच्याही खाली. त्यांचे दिवे मिणमिणत होते, ते म्हणतात आमच्याकडे नुसती डीम झाली बाई, तुमच्याकडेच कसं काय? असं काय!

आता स्पाइक गार्ड, झटक्यापासून वस्तू वाचवायला म्हणून विकतात ती प्लगची पट्टी. टीव्ही-राउटरला लावला होता, सातशे रुपयांचा, डब्यावर मोठ्या अक्षरात सर्ज प्रोटेक्शन. रात्री रागाच्या भरात मी तो उघडला. आत काय? एक स्विच, एक लाल दिवा, एक फ्यूज आणि वायरी. संपलं. आणि तिसऱ्या पिनची हिरवी वायर आत कशालाच जोडलेली नव्हती, नुसती कापून सोडलेली!! खऱ्या स्पाइक गार्डमध्ये एमओव्ही असतो, निळी चकती, बिस्किटासारखी, वर काही वेळा २७५ लिहिलेलं असतं. व्होल्टेज त्याच्या बरंच वर उसळलं की तो जास्तीचा करंट स्वतःतून जाऊ देतो आणि पुढची वस्तू वाचते. तीही प्रत्येक झटक्यात थोडी थोडी झिजते, कायमची नसते. पण निदान असायला तर हवी ना! लाल दिव्याचे सातशे घेता तुम्ही लोकांकडून.

बरं, ती चकती असती तरी त्या दिवशी वाचलं नसतं हेही आता कळलं. वीज पडली की येणारा झटका मायक्रोसेकंदांचा असतो, तो एमओव्ही गिळू शकतो. पण ३४० व्होल्ट मिनिटं-मिनिटं चालू राहिले तर एमओव्हीच तापून जळतो. दोन वेगळे आजार आहेत हे, आणि दुकानात दोन्हीला एकच गोळी विकतात. टीव्हीवाल्यानं बोर्ड काढून दाखवला, ४०० व्होल्टचा कपॅसिटर, वरचं झाकण फुगून फुटलेलं, आतला कागद बाहेर. घरातलं व्होल्टेज लाटेसारखं वरखाली होतं, २३० व्होल्टचं शिखर जातं ३२५ पर्यंत, म्हणून ४०० चा बसवतात. ३४० चं शिखर जातं ४८० ला. तो बिचारा काय करणार!

फ्रीजवर तर स्टिकर आहे 'स्टॅबिलायझर फ्री'. विकताना त्या माणसानं छातीठोक सांगितलं, मॅडम स्टॅबिलायझरचा खर्च वाचला. ते फ्री किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत, ते माहितीपुस्तिकेत मुंगीएवढ्या अक्षरात. आणि बोर्ड जळल्यावर सर्व्हिसवाला म्हणतो व्होल्टेज फ्लक्च्युएशन वॉरंटीत बसत नाही, सहा हजार आठशे होतील. मग ते स्टिकर कशाला चिकटवलं होतं दारावर? आम्ही ते वाचूनच घेतला ना!

याला उपाय काय हेही त्याच वायरमनकडून कळलं, आणि दहा वर्षांत एकदाही कुणी सांगितलं नाही याचा खरा संताप आहे. मीटरनंतर डीबीमध्ये, म्हणजे घरातल्या मेन बोर्डात, बसवायला ओव्हर-अंडर व्होल्टेजचा कटऑफ मिळतो, २७० च्या आसपास गेलं की अख्ख्या घराची लाइटच तोडतो, नीट झालं की थोड्या वेळानं आपोआप जोडतो. दीड-दोन हजारात येतो. अकरा डब्यांचा आंबाच त्याच्यापेक्षा जास्त होता. शेजारी एसपीडी, म्हणजे सर्ज अडवणारा डबा, बसवायचा, टाइप २, आकाशातल्या विजेच्या झटक्यासाठी. पण तो झटका अर्थिंगमध्येच ढकलणार, म्हणजे अर्थिंग हवं.

म्हणून त्यानं फेज आणि अर्थिंगमध्ये शंभरचा बल्ब लावून बघितला. पेटलाच नाही. पुसट लालसर तार दिसली, बस. म्हणजे कोण जाणे किती वर्षं आमच्या तीन पिनच्या सॉकेटची तिसरी पिन शोभेला होती, गीझर, वॉशिंग मशीन सगळ्याची! लहान मूल आहे घरात! खाली जाऊन अर्थिंगचा खड्डा शोधायला गेलो तर सापडेना. जुन्या वॉचमनकाकांनी दाखवला. चार वर्षांपूर्वी पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक टाकले तेव्हा चेंबरवरच ब्लॉक बसवले, आणि आता त्याच्यावर एकांची गाडी उभी असते. कोळसा-मिठाच्या खड्ड्यात पाणी घालायचं असतं उन्हाळ्यात, माती वाळली की अर्थिंग जातं. पाणी घालणार कुठून, ब्लॉकमधून?

कमिटीला सांगितलं तर उत्तर आलं की पुढच्या एजीएममध्ये विषय घेऊ, आणि पेव्हर उचकटले तर त्याचा खर्च कोण देणार. सात जूनला मान्सून येवो न येवो, वळीव तर चालू झालाच आहे, परवाच सिंहगडाच्या बाजूनं काय कडकडाट झाला, मी मेन पाडून अंधारात बसले होते पोराला घेऊन. कटऑफ आणि एसपीडी मी माझ्या पैशानं आणलाय, डीबीत बसला पण. रविवारी सकाळी आठला वायरमन पहार घेऊन येतोय, ज्यांची गाडी तिथे असते त्यांना आत्ताच सांगून ठेवलंय, गाडी काढून ठेवा, मी ब्लॉक उचकटणार आहे.