मार्कर हजारो असले तरी क्लिक चालतो

वेब नकाशे करणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो: लीफ्लेटवर (वेब नकाशे बनवण्याची मोफत जावास्क्रिप्ट लायब्ररी, म्हणजे तयार कोड) हजाराच्या पुढे क्लिक होणारे मार्कर (जागा दाखवणाऱ्या खुणा) टाकू नका, इतके क्लिक नकाशाला झेपत नाहीत, कॅनव्हासवर (ब्राउझरमधल्या एकाच चित्रफलकावर) काढले तर क्लिकच जातो, तेव्हा क्लस्टर करा (जवळचे मार्कर आकडा लिहिलेल्या एका वर्तुळात गोळा करा), नाहीतर विकतची लायब्ररी घ्या. यात मूळ निदानच चुकलंय, आणि त्यापायी चांगली माहिती हाताशी असलेले लोक नकाशा अर्ध्यावर सोडतात.

आधी ‘क्लिकमुळे नकाशा अडकतो’ हे घेऊ. लीफ्लेटच्या १.x आवृत्त्यांमध्ये ब्राउझरचे माऊस-इव्हेंट (क्लिक, हालचाल वगैरे) नकाशाच्या बाहेरच्या कंटेनरवर, म्हणजे चौकटीवर, एकदाच ऐकले जातात आणि तिथून योग्य त्या मार्करकडे पाठवले जातात. भार असतो तो चित्रांचा. नेहमीचा मार्कर म्हणजे पानावरची दोन चित्रं, एक टाचणी आणि एक तिची सावली. महाराष्ट्रातली ४० हजारांवर गावं अशी मांडली की ८० हजारांहून जास्त घटक झाले, आणि झूम करताना प्रत्येक मार्करची जागा नव्यानं मोजायची. यातला क्लिक काढून टाकलात तरी नकाशा रखडायचा तो रखडेलच.

‘कॅनव्हासवर क्लिक चालत नाही’ हा दावा सर्वांत जास्त नुकसान करतो. नकाशा तयार करताना ‘प्रेफर-कॅनव्हास’ हा पर्याय चालू करा आणि मार्करऐवजी सर्कल-मार्कर (गोल ठिपके) वापरा. सगळे ठिपके एकाच कॅनव्हासवर येतात आणि क्लिक पूर्वीसारखाच मिळतो. कारण क्लिक झाला की लीफ्लेट ठिपक्यांची यादी चाळतं, बोट कोणाच्या आत पडलंय ते पाहतं आणि सर्वांत वर काढलेला ठिपका निवडतं. फोनवर बारीक ठिपका बोटाला सापडत नसेल तर कॅनव्हासचा ‘टॉलरन्स’ (ठिपक्याभोवती क्लिक धरण्याची सूट) वाढवा. पॉपअपही (क्लिकवर उघडणारी माहितीची चौकट) प्रत्येकाला वेगळा बांधू नका. संपूर्ण फीचर-ग्रुपला (ठिपक्यांच्या गटाला) एकच बांधा आणि मजकुराच्या जागी फंक्शन द्या, म्हणजे मजकूर उघडताना तयार होतो.

याला मर्यादा आहे. तीच यादी माऊस हलतानाही चाळली जाते, म्हणून ठिपके लाखांत गेले की हा शोध जड होतो. तेव्हा ठिपक्यांचं ‘इंटरॅक्टिव्ह’ (क्लिकला प्रतिसाद देणं) बंद करायचं, नकाशावर एकच क्लिक ऐकायचा आणि जवळचा बिंदू आरबुश किंवा केडीबुशसारख्या अवकाशीय निर्देशांकातून (बिंदूंच्या जागेनुसार लावलेल्या सूचीतून) काढायचा. सगळी यादी चाळावी लागत नाही. या दोन्ही लायब्ररी लीफ्लेटचे जनक व्होलोदिमिर अगाफोंकिन यांच्याच आहेत. बोटाची त्रिज्या पिक्सेलमध्ये आणि निर्देशांक अक्षांश-रेखांशात असतो, तेवढं रूपांतर मात्र दर झूमला करायला विसरू नका.

‘क्लस्टर हाच उपाय.’ प्रश्न ‘किती?’ असा असेल तर क्लस्टर उत्तम. पण टँकर लागणारी गावं डोंगराच्या कोणत्या अंगाला आहेत हे पाहायचं असेल, तर ‘१३७’ लिहिलेलं वर्तुळ नेमकं तेच झाकतं. नकाशा जड झाला म्हणून क्लस्टर लावणं मला पटत नाही. वाचणाऱ्याला काय बघायचंय यावरून ते ठरावं.

विकतच्या लायब्ररीबद्दल फार बोलायला नको. मॅपबॉक्स या कंपनीनं डिसेंबर २०२० मध्ये आपल्या जीएल जेएस या नकाशा-लायब्ररीचा परवाना बदलला, तेव्हा आधीच्या मुक्त कोडवरून मॅपलिब्रे निघालं. ते मोफत आहे, वेबजीएलवर (ब्राउझरमधून ग्राफिक्स चिप वापरण्याच्या तंत्रावर) चालतं आणि क्लिक थेट संपूर्ण थरावर लावू देतं.

कॅनव्हासवर एक गोष्ट खरंच हातची जाते: कीबोर्डनं एकेका ठिपक्यावर जाता येत नाही. नेहमीच्या मार्करवर टॅबनं जाता येतं, पण ४० हजार वेळा टॅब कोण दाबणार? नकाशाशेजारी गावाच्या नावानं शोधता येणारी यादी द्या आणि नाव निवडलं की तोच पॉपअप उघडू द्या. ज्यांना माऊस वापरता येत नाही त्यांच्यासाठी हे काम टाळू नका.