मामांचा धोटा

जंपर मी सांगितला होता, हार्डडिस्कच्या मागच्या पिनांवर खोचलेली ती बारकी टोपी. पहिल्या मिनिटाला सांगितला होता. सोलापूरच्या नवी पेठेतल्या त्या दुकानाच्या भिंतींनी ऐकला असेल, काउंटरमागच्या पोरानं नाही.

मेहुण्याच्या लग्नाचे फोटो जुन्या चाळीस जीबीच्या हार्डडिस्कवर, आणि बायकोला ते ह्याच आठवड्यात हवेत, एवढंच प्रकरण. पण डिस्कला चाळीस पिना आणि रुंद पट्टीची केबल. 2003 साली साटा आलं, सात पिनांची चिंचोळी केबल आली, आणि हळूहळू ही पट्टी मदरबोर्डवरून हद्दपार झाली. आता साटाचेही दिवस भरत आलेत म्हणे. नवी डिस्क म्हणजे बोटभर चिप्प, ती थेट बोर्डातच खोचतात. डिस्क ठणठणीत आहे हो! पण तिचं तोंड बसेल असं घर नाही, म्हणून ती भंगार.

पोरानं यूएसबीचा अडॅप्टर लावला, बारा व्होल्टचा वेगळा चार्जर लावला. डिस्क घर्रर्र करून फिरायला लागली. स्क्रीनवर मात्र काही नाही.

मी म्हटलं, "अरे, ही जुन्या मशीनमध्ये दुसरी डिस्क होती. मागचा जंपर स्लेव्हवर, म्हणजे दुय्यमवर आहे, तो बदल."

"डेड आहे काका ही. डेटा रिकव्हरीला पुण्याला पाठवावी लागेल. सात-आठ हजार धरून चाला."

पुणं! गुडघा दुखला, पुणं. पोरगं बारावी झालं, पुणं. आता डिस्कही पुण्याला. आणि तिकडून आपल्याकडं काय येतं, तर उजनी धरणात सांडपाणी.

तेवढ्यात शेजारच्या स्टुलावरचे मामा उठले. पांढरा लेंगा, कपाळाला विभूती, हातात तडकलेल्या काचेचा मोबाईल. पूर्व भागात लूमवर हयात गेलेली, हे त्यांनी न विचारताच सांगितलं. त्यांनी डिस्कला कान लावला. अगदी टेकवला.

"फिरालंय की बे."

"फिरतंय मामा, पण दिसत नाही."

"मग धोटा अडकला."

मी म्हटलं, "मामा, धोटा लूममध्ये असतो, ह्यात नसतो."

"मग आत इकडून तिकडं काय जातंय?"

आता आत चकतीवरून एक दांडी सरकत असते, तिच्या टोकाला हेड असतं, हे तर खरंच. तसं सांगितलं.

"तोच की धोटा. तेल घातलेलं का कधी?"

"ह्यात तेल घालत नाहीत."

"म्हणूनच," मामा म्हणाले, आणि पोरानं मान डोलावली. कॉम्प्युटरचा कोर्स केलेल्या पोरानं! भिंतीवर त्याचं सर्टिफिकेट लावलंय, फ्रेम करून.

मामांनी डिस्क उलटीपालटी करायला लावली. "हे मागं काळं काय खोचलंय? लूम चालंना झाला की आमी आधी बघायचो, कुणी काय खोचून ठेवलंय का. काढ ते."

पोरानं मुकाट्यानं चिमटा घेतला आणि जंपर उपसला. तांदळाएवढा प्लास्टिकचा तुकडा. लेबलवर स्वच्छ नकाशा छापलाय, जंपर नाही म्हणजे डिस्क एकटी. मी बोट ठेवून दाखवलाही होता.

टुण्ण. डिस्क दिसली.

"मामा, मानलं तुम्हाला!" इति सर्टिफिकेटधारक. झेरॉक्सला आलेल्या बाईसुद्धा कौतुकानं बघायला लागल्या. मी तोंड उघडलं तर मामाच मला म्हणाले, "राहू द्या सायेब, होतंय असं. सगळ्यास्नी सगळं कळत नाय."

मग मामांचं लक्ष आकड्याकडं गेलं. "सदतीसच दिसालेत. चाळीस म्हणालाव ना? तीन कुणी खाल्ले?"

मी समजावलं, की कंपनी हजाराच्या हिशेबानं मोजते आणि कॉम्प्युटर एक हजार चोवीसच्या.

"सुताच्या कोनाचं पण असंच. पुठ्ठ्यासकट वजन करायचे."

ह्याला उत्तर नव्हतं. कारण वाद घालायला गेलं तर मामा फारसे चुकलेले नव्हते, आणि ते मला अजूनही झोंबतंय.

त्यानंतर फोल्डर उघडायची परवानगी नाही म्हणून कॉम्प्युटर अडून बसला. माझी डिस्क, माझे फोटो, माझाच मेहुणा, आणि परवानगी मला नाही! पोरगा दोन-तीन बटणं दाबून वाट बघत बसला. मामांना चहा आला. मला विचारलं, पण कप येईपर्यंत फोटो उघडले.

मामांनी स्टूल पुढं ओढलं आणि आख्खं लग्न बघितलं. अक्षता, पंगत, वरात. मधेच एका फोटोवर बोट. "हे पंगतीत वाढपी कोण?"

"मी."

"केस होते की."

पाचशे रुपये झाले. तीनशे अडॅप्टरचे, दोनशे सर्व्हिसचे. मी विचारलं, सर्व्हिस नक्की कुणी दिली? पोरगा हसला, पाचशेची नोट गल्ल्यात टाकली आणि मामांच्या मोबाईलला नवी काच लावायला घेतली. तिचे पैसे घेतले नाहीत.