भूकंपाचा निम्मा निधी वर्षभर राखून ठेवा

कुठे मोठा भूकंप झाला की आपल्या जळगाव-धुळ्याकडे दुसऱ्याच दिवशी चौकात टेबल लागतं आणि आठवड्याच्या आत ट्रक निघतो. माणसं मनापासून देतात, त्याबद्दल तक्रार नाही. माझं म्हणणं एवढंच, की जमलेल्या पैशातल्या निम्म्याला वर्षभर कुणी हातच लावू नये. शिव्या द्यायच्या तर पूर्ण वाचून द्या. मी फिजिओथेरपिस्ट आहे, माझ्याकडे माणसं येतात ती सगळे कॅमेरे निघून गेल्यावर.

पहिल्या दोन-तीन दिवसांचं काम आपल्या ट्रकचं नसतंच. तासन् तास मांडी दबलेल्या माणसावरचा दगड उचलला, की चेंगरलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम एकदम रक्तात उतरतं. आतापर्यंत बोलणारा माणूस बाहेर काढल्यावर दगावतो. वाचला तरी मूत्रपिंडं बंद पडू शकतात. म्हणून शक्य असेल तर दगड हलवायच्या आधीच सलाइन लावायचं, पुढे लागलं तर डायलिसिस. हे शिकलेल्या पथकाचं काम. आणि आपण पाठवतो काय, तर घरातल्या उरलेल्या गोळ्या! १९८८ च्या आर्मेनियाच्या भूकंपात जगभरातून सुमारे ५ हजार टन औषधं आली, त्यातली जेमतेम ३० टक्के लगेच वापरता येण्यासारखी होती. बाकीची निवडत बसायला माणसं कुठून आणायची?

२६ जानेवारी २००१ ला भुजबरोबर सुरतेतही इमारती पडल्या होत्या. उधना-लिंबायतला आपलीच माणसं. शिंदखेडा तालुक्यातले एक आबा तेव्हा तिथे लूमवर होते. भिंत पाठीवर आली, कमरेखालचं सगळं गेलं. ऑपरेशन झालं, पाहुणे केळी घेऊन भेटून गेले. काही वर्षांनी मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा दान मिळालेली व्हीलचेअर कोपऱ्यात होती, तिच्यावर गोधड्या. दाराचा उंबरठा वीतभर उंच, अंगणात खडे, चालवणार कुठे? माकडहाडावर जखम, रुपयाएवढी दिसणारी, पण आत बोट जाईल अशी. दर दोन तासांनी कूस बदलायला माणूस हवा, आणि घरची बाई दिवसभर कापूस वेचायला. लघवीची नळी कधी बदलली होती ते दोघांनाही आठवेना. आबा हसतच म्हणाले, "भाऊ, तवय समदा उनात, आते कोनी इचारत नही." म्हणजे तेव्हा सगळे आले, आता कुणी विचारत नाही.

त्यांना काय लागलं असतं? नळ्या, हवेची गादी, उंबरठा फोडायला एक गवंडी आणि महिन्यातून एकदा डोकावणारी नर्स. अँब्युलन्स नको होती.

जयपूर फूटचंही तेच. पाय कापल्यावर उरलेला भाग पहिल्या वर्षात आक्रसतो, कृत्रिम पायाची वरची वाटी ढिली पडते, घासून जखमा होतात. वाढत्या पोराला तर मापच बदलून द्यावं लागतं. शिबिरात फीत कापणारे पाहुणे पुढच्या वर्षी येतात का? नेपाळमध्ये २०१५ ला जवळपास ९ हजार माणसं गेली, जखमी सुमारे २२ हजार. डोंगरातल्या वस्तीवरून तपासणीला यायचं भाडं हाच कित्येकांचा खरा खर्च. शिवाय टीबीच्या गोळ्यांत खंड पडलेले, बीपी-शुगरचे कागद ढिगाऱ्यात गेलेले. छताखाली झोप न येणारे तर मोजणार कोण? किल्लारीची माणसं कित्येक महिने घरात झोपायला धजत नव्हती.

आणि हे सगळं लांबचं समजू नका. १९३८ च्या मार्चमध्ये सातपुड्यात सहाच्या वर रिश्टरचा धक्का बसलेला आहे. किल्लारीत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे बळी घेतले ते दगडमातीच्या भिंतींनी आणि वरच्या जड माळवदांनी. आपल्या गावातल्या जुन्या धाब्याच्या घरांकडे एकदा नीट बघा.

"वर्षभर पैसा पडून राहिला तर मंडळ खाऊन टाकेल," असं एक मित्र म्हणाला. भीती खरी आहे. म्हणून बँकेत वेगळं खातं काढा, तीन सह्या ठेवा, त्यातली एक बाईची, आणि दर तीन महिन्यांनी पासबुकाचा फोटो ग्रुपवर टाका. खर्च कुठे करायचा हे इथे बसून ठरवू नका, तिकडच्या सरकारी दवाखान्यातल्या नर्सला आणि आशाताईंना विचारा, त्यांच्याकडे घरागणिक यादी असते. कुठल्या मंडळाला सामानाचा अंदाज हवा असेल तर मला मेसेज करा, दरासकट लिहून देतो.