काही घडलेलं नसताना आलेला पोलीस

तोक्योच्या निशिकसाईत राहायला येऊन तीन आठवडे झाले होते. रविवारी दुपारी दार उघडलं तर समोर गणवेशातला पोलीस. माझ्या पोटात गोळाच आला. त्याने वाकून नमस्कार केला, आपली चौकी कुठे ते सांगितलं आणि एक कार्ड पुढे केलं. घरात कोण कोण राहतं, भूकंप झाला तर कुणाला कळवायचं, एवढंच त्यात भरायचं होतं, तेही मर्जी असेल तर. जाताना म्हणाला, सायकलला दोन कुलपं लावा. कल्याणला आईला फोनवर हे सांगितलं तर ती घाबरली, “अगं, पण झालं काय होतं?”

काहीच झालं नव्हतं.

या चौकीला इथे कोबान म्हणतात. दारावर लाल गोल दिवा, आत टेबल, भिंतीवर वस्तीचा नकाशा. देशभर अशा सहा हजारांच्या आसपास चौक्या आहेत. माझ्या लेकाला बागेत शंभर येनचं नाणं सापडलं, तेव्हा तिथल्या पोलिसाने दहा मिनिटं बसून त्याची रीतसर नोंद केली. तेव्हापासून पोरगा चौकीवरून जाताना न चुकता हात करतो.

इथलं सगळंच चांगलं, असं मी म्हणणार नाही. आरोप ठेवण्याआधी माणसाला २३ दिवस कोठडीत ठेवता येतं, चौकशीच्या वेळी वकिलाला शेजारी बसवण्याचा हक्क नाही. रस्त्यात थांबवून ओळखपत्र विचारलं जातं ते बहुधा आमच्यासारख्या चेहऱ्यांना. ते कार्ड भरताना माझा हात अडखळला होता, तो यामुळेच.

आईच्या सोसायटीत सध्या एकच वाद चालू आहे. शेजारच्या काकूंचं मंगळसूत्र गेल्यापासून ग्रुपवर कॅमेरे आठ की सोळा, यावर रात्ररात्र मेसेज. आपल्या भागाची जबाबदारी असलेला पोलीस, म्हणजे बीट अंमलदार कोण, हे एकानेही विचारलेलं नाही.

आणि हे कल्याणात, जिथून भिवंडी हाकेच्या अंतरावर आहे! १९७० आणि १९८४च्या दंगलींत होरपळलेल्या त्या गावात पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. पुढाऱ्यांऐवजी गल्लीतली साधी हिंदू-मुसलमान माणसं आणि त्यांच्यासोबत नेमून दिलेला पोलीस, नियमित बैठका, किरकोळ भांडणंसुद्धा तिथेच मिटवायची. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली.

हे आपलंच काम आहे, जपानकडून उसनं आणायची गरज नाही. मला राग येतो तो याचा की आपण ते एका अधिकाऱ्याच्या नावाने आठवतो आणि तिथेच सोडतो. बाकी ठिकाणी उरली ती शांतता कमिटी: गणपती-ईदच्या आधी पोलीस ठाण्यात बैठक, पहिल्या रांगेत नगरसेवक, चहा, फोटो. मधल्या दहा महिन्यांत कुणी कुणाला ओळखत नाही. कोबानमधल्या पोलिसाचीही बदली होतेच, पण नवा माणूस येऊन तीच दारं पुन्हा वाजवतो, कारण ते त्याच्या नेमून दिलेल्या कामात आहे. आपल्याकडे बीट अंमलदाराला बंदोबस्तातून उसंतच मिळत नाही. एवढ्या मोठ्या वस्तीला एवढी कमी माणसं देऊन त्याच्याकडून ओळखीची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे.

गेल्या आठवड्यात आई स्वतःहून चौकीत जाऊन आली. बीट अंमलदाराचं नाव आणि नंबर तिने जिन्याजवळच्या फळ्यावर लिहिलाय. बावीस वर्षं त्या इमारतीत राहून तिला तो पहिल्यांदाच कळला.